रिकामी चोच

ते पाखरांना कधी दाणा टाकत नसत. हे आधीच सांगून ठेवते, कारण पाखरांचा वेडा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे कबुतरांना चणे टाकणारा कनवाळू म्हातारा उभा राहतो. हे तसे नव्हते. चाळीत कुणी गॅलरीतून तांदूळ फेकले तर ते भरल्या ताटावरून उठून भांडायला जायचे. "पोरांक भरवूचा काम आवशी-बापाशीचा. तुमी कित्याक मधी हात घालतास?" समोरची बाई म्हणायची, अहो, तेवढंच पुण्य. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं असे, "पुण्य होया तर सासूक वेळेवर जेवूक घाल." ती बाई पुढे कितीतरी वर्षं त्यांच्याशी बोलत नव्हती.

मी त्यांना काका म्हणत असे. लालबागला आमच्या आईची खाणावळ होती. खाणावळ म्हणजे आमचीच राहती खोली. जेवणाच्या वेळी कॉट उभी करायची आणि दोन पंगती बसवायच्या. वडील गेल्यावर आईनं ती सुरू केली होती. जेवणारे सगळे गिरणीतले, बहुतेक कोकणातले, बायकामुलं गावाला ठेवून आलेले. काका त्यांतलेच एक, विणखात्यात साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला. आमच्याच चाळीत वरच्या मजल्यावर त्यांचा गाळा होता, म्हणजे एका खोलीत पंधरा-सोळा माणसं. ज्याची पाळी सुटली तो येऊन आडवा व्हायचा आणि त्याच्या जागेवरून उठलेला पाळीवर जायचा. त्या गाळ्यातले बिछाने कधी थंड म्हणून झाले नाहीत.

गाळ्याच्या खिडकीबाहेर एक गंजका लोखंडी कंस होता. त्याच्यावर कबुतरांचा संसार. काका पाळी सोडून उरलेला वेळ त्या खिडकीत बसलेले असत. एकदा जेवताना त्यांनी पंगतीला जाहीर केलं की कबुतराचा नर सकाळी दहाच्या सुमाराला अंड्यांवर बसतो, चार-साडेचारला मादी येऊन त्याला उठवते, आणि मग दुसऱ्या सकाळपर्यंत तिची पाळी.

"आमच्याच गाळ्यातले आसत ते," ते म्हणाले. "जागा थंड होऊक देत नाय."

पंगत हसली. कुणीतरी विचारलं, "काका, कबुतराला रजा किती?"

"रजा नाय. बारा म्हयने चालूच. एक जोड उडाली की दुसरी अंडी तयार."

त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. पण हिशेबी माणूस, नोंद ठेवल्याशिवाय चैन पडत नसे. म्हणून त्यांनी खिडकीच्या चौकटीला ओळीनं खिळे ठोकले होते आणि प्रत्येक खिळ्याला साच्यावरून आणलेल्या सुताचा एकेक धागा टांगला होता. तपकिरी चिमणीचा, राखाडी कबुतराचा, काळा कावळ्याचा, पिवळा घारीचा. घरट्यातली पिल्लं उडून गेली की त्या धाग्याला एक गाठ. ती विणकराची गाठ, तुटलेलं सूत चालत्या साच्यावर जोडायची, इतकी बारीक की बोट फिरवल्याशिवाय समजायची नाही. दसऱ्याला गिरणीत साच्यांची पूजा व्हायची. त्या संध्याकाळी गुलाल लागलेल्या कपाळानं ते घरी यायचे आणि प्रत्येक धाग्यात लाल सुताचा तुकडा अडकवायचे. तिथं वर्ष संपलं.

मला तो धाग्यांचा प्रकार आधी येडपटपणा वाटला होता. मग एकदा त्यांनी माझं बोट धरून कबुतराच्या धाग्यावरून फिरवलं. दोन लाल तुकड्यांच्या मध्ये नुसती गाठींची गर्दी. चिमणीच्या धाग्यावर तीन गाठी, एखाद्या वर्षी चार. कावळ्याची एकच, पाऊस लागायच्या आगेमागे. घारीचीही एकच, भर उन्हाळ्यात. गिरणीच्या आवारातल्या पिंपळावर ती घरटं करायची. कोकिळेला धागाच नव्हता. चाळीतल्या बायका कुहूकुहू ऐकून कौतुक करायला लागल्या की काका तोंड वाकडं करायचे. "बापूस नुसतो गाता. पोरां कावळ्याच्या पदरात."

शेवटच्या खिळ्याला एक पांढरा धागा होता. त्यालाही वर्षाला एकच गाठ. मी विचारलं, "हा बगळ्याचा का?"

"नाय गो बाय. तो मी."

मला वाटलं गंमत करताहेत. पण ते खरंच सांगत होते. वर्षातून एकदा, महिनाभर, ते गावी जात. तेवढी एक गाठ. पहिली गाठ मुलगा झाला त्या वर्षाची. मुलगा झाल्याची तार त्यांना साच्यावर मिळाली आणि मुलगा बघायला मिळाला तो आठ महिन्यांचा झाल्यावर. "माका बघून असो रडलो, जसा काय मांजर बघल्यान," असं सांगून ते मोठ्यानं हसले. मीही हसले. बावीस वर्षांची होते मी, मला कशावरही हसू यायचं.

खाणावळीतल्या सगळ्यांची पत्रं मी लिहीत असे. महिन्याला एक निळं आंतर्देशीय काकांचं. पत्र मुलाच्या नावानं, पण मजकूर सगळा पाखरांचा. चिमण्यांनी पंख्याच्या वाटीत घर केलं. चिमणी स्वतः दाणे खाते पण पिल्लांना अळ्या आणून घालते. कावळ्यात नरसुद्धा भरवतो.

"काका, मुलाला अभ्यास कसा चाललाय ते तरी विचारा," मी म्हणायचे.

"ता तो सांगात. तू लिही. नरसुद्धा भरवता. लिहिलंस?"

लिहून झालं की पूर्ण पत्र वाचून दाखवायचं. ते डोळे मिटून ऐकायचे आणि मग स्वतः जिभेनं ओलं करून पत्र चिकटवायचे.

मग संप झाला. भोंगे बंद पडले. सुरुवातीला सगळ्यांना ती चार दिवसांची सुट्टी वाटली. शिमग्याच्या सुमाराला एकेकजण ट्रंक डोक्यावर घेऊन गावाची वाट धरायला लागला. गाळा रिकामा होत गेला. आईच्या दोन पंगतींची एक झाली, मग एका पंगतीची चार पाटांवर आली. मे महिन्यात गाळ्यात काका एकटे उरले होते. सोळा माणसांच्या खोलीत एक माणूस.

बायको-मुलाजवळ जाऊन राहायला जन्मात पहिल्यांदा सवड मिळालेली, आणि हे जाईनात. मी विचारलं तर म्हणाले, "घारीची पोरां उडांदेत, मगे जातंय." घारीची उडाली. मग कावळ्याची होती. तीही उडाली, काळ्या धाग्याला गाठ पडली, तोवर चिमणीची दुसरी वीण आली. आणि कबुतरं काय, बारमाही. कबुतरांच्या भरवशावर राहिलं तर माणूस जन्मभर मुंबई सोडणार नाही. आई त्यांचं ताट न बोलता वाढायची. ते न सांगता नळावरून पाणी भरून आणायचे, भाजी निवडायचे. गवारीच्या शिरा त्यांच्याइतक्या स्वच्छ मी अजून कुणी काढलेल्या पाहिल्या नाहीत.

श्रावणात एकदा मी चिडले. त्यांच्या बायकोचं पत्र आलं होतं, ते मीच वाचून दाखवलं होतं. लावणी झाली, मुलगा तुमच्याएवढा उंच झाला, आता तरी या. काका ऐकून खिडकीकडे गेले आणि समोरच्या तारेवर बसलेली चिमणी दाखवायला लागले.

"काका, पाखरं राहू देत. तुम्ही जात का नाही?"

ते तारेकडेच बघत म्हणाले, "तो नर बघितलंस? पोरां वरडतत, तरी जाणा नाय. चोचीत काय नाय त्याच्या. रिकामी चोच घेवन बापूस घरट्यार जाणा नाय."

दरवर्षी ते गावी जाताना मी बघितलं होतं. गिरणीचं कापड, बायकोला लुगडं, मुलाला नवा सदरा, वाडीतल्या सगळ्या पोरांना गोळ्या. पिशव्या उचलायला दोन माणसं लागायची. त्या महिनाभराचे ते राजे असत. या वर्षी हातात काही नव्हतं, आणि काही नसताना आपण त्या घरात कोण, हे त्यांना माहीत नव्हतं. आज हे मला कळतं. तेव्हा मी फटकन म्हणाले, "चोचीत काही नसलं म्हणून पिल्लू तोंड उघडायचं थांबत नाही, काका."

ते हसले. मग नेहमीसारखं पत्र सांगायला बसले. चिमणीची तिसरी वीण आहे. नर चोचीत काही असल्याशिवाय घरट्यावर जात नाही, तारेवर बसून राहतो. मी लिहिलं. शेवटी थोडी जागा उरली होती. तिथं मी माझ्या मनानं लिहिलं, "गणपतीला येतो. वाट बघ." आणि वाचून दाखवताना ती ओळ गाळली.

मला वाटलं, एकदा लिहिलं गेलं की त्यांना जावंच लागेल. गणपतीच्या आधी तिकडून उत्तर येईल, आम्ही वाट बघतोय म्हणून, मी ते वाचून दाखवीन आणि आई त्यांना एसटीत बसवून देईल. तिकिटापुरते पैसे आईकडून मागायचे मी ठरवलंही होतं. पण उत्तर आलंच नाही. गणपतीला कोकणातल्या घरात माणूस येतोच, त्याला उत्तर कशाला पाठवायचं? हे माझ्या डोक्यात आलं नाही. मी मुंबईची. आमच्याकडे गणपतीला कुणी यायचं नव्हतं. चतुर्थी आली तसं माझं धाबं दणाणलं, पण सांगायची हिंमत झाली नाही. आपोआप निस्तरेल अशी आशा करत राहिले.

गौरी गेल्यावर तीन-चार दिवसांनी दुपारी एक उंच, काळासावळा मुलगा दारात उभा राहिला. काका पाटावर बसले होते, मी आमटी वाढत होते. त्यांनी मान वर केली आणि त्यांना तो क्षणभर ओळखूच आला नाही. मग "अरे" म्हणून ते उठले. मुलानं खिशातून निळं पत्र काढलं.

"गणपतीला येतो, वाट बघ म्हणून लिहिलंत. चार दिवस फाट्यावर उभा होतो मी. प्रत्येक एसटी बघितली. शेवटी गणपती मीच आणला डोक्यावरून. सगळी वाडी विचारत होती, बापूस खंय? आईनं पूजेचा पाट मांडून ठेवला होता, त्याच्यावर मला बसू देईना. म्हणाली, येतील."

काकांनी पत्र हातात घेतलं. वाचता येत नसूनही ते त्या अक्षरांकडे पाहत राहिले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. एक शब्द त्यांनी उच्चारला असता, या मुलीनं लिहिलंय म्हणून, तर बाप त्याच क्षणी सुटला असता.

"होय," ते म्हणाले. "मीच सांगितलंय लिवूक."

"मग आलात का नाही?"

"जमला नाय."

"पाखरं असतील," मुलगा म्हणाला.

काकांनी आपला पाट त्याला दिला, माझ्या हातातली पळी घेतली आणि स्वतः त्याला वाढलं. भात, आमटी, वर पुन्हा भात. मुलानं खाली मान घालून चार घास खाल्ले आणि हात धुतले. काका म्हणाले, वर चल, चिमणीची पोरां आसत, दाखवतंय. तो म्हणाला, मला पाखरं नाही बघायची. पत्र उचलून खिशात घातलं आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेला.

काकांनी त्याबद्दल मला कधीही एका शब्दानं विचारलं नाही. पुढच्या महिन्यात पत्र सांगायला आले, मी लिहिलं, वाचून दाखवलं. डोळे मिटूनच त्यांनी विचारलं, "संपला? आणखी काय नाय मां?" मी नाही म्हटलं. त्यांनी पत्र चिकटवलं. त्यापेक्षा त्यांनी माझ्या थोबाडीत दिली असती तर मी सुखी झाले असते.

त्या दसऱ्याला पूजा नव्हती. गुलालाशिवायच त्यांनी धाग्यांत लाल तुकडे अडकवले. पांढऱ्या धाग्यात त्या वर्षी गाठ नव्हती.

संप असा कधी संपलाच नाही. लोक त्याची वाट बघायचे थांबले, एवढंच. काकांची गिरणी उघडली नाही. काही वर्षांनी त्याच बंद गिरणीच्या गेटवर ते वॉचमन झाले. साचे भंगारात गेलेले त्यांनी खुर्चीवर बसून पाहिले. रिकाम्या विणखात्यात चिमण्या भरपूर, पण त्यांची घरटी उसकटून पाहिली तर पूर्वीसारखा कापूस नाही, प्लास्टिकचे दोरे आणि केस, असं ते सांगायचे. गावी जाणं पुन्हा सुरू झालं होतं, पण आता दोन-तीन दिवसांचं. मुलगा पाया पडतो आणि शेतावर निघून जातो, म्हणाले. त्याचं लग्न झालं, काकांची बायको गेली, आणि गेटवरची नोकरी सुटल्यावरही काका गाळ्यातच राहिले. सोबतीला येऊन-जाऊन असलेल्या दोघातिघांना त्यांच्या धाग्यांशी कर्तव्य नव्हतं. मी लग्न होऊन दादरला गेले होते, शाळेत शिकवत होते. आईकडे आले की वर डोकावत असे. फोन आल्यावर पत्रंही थांबली होती.

एकदा त्यांना शिवडीला घेऊन गेले. चिखलात फ्लेमिंगो उतरतात असं शाळेत कुणीतरी सांगितलं होतं. ओहोटी होती, लांबवर गुलाबी रांगच्या रांग. काका धक्क्यावर उकिडवे बसून बघत होते.

"ह्यांची पोरां खंय?"

मी म्हटलं, पिल्लं इथं नाही घालत ते. तिकडे कच्छमध्ये. इथं नुसते खायला येतात.

परत निघताना ते म्हणाले, "ह्येंका धागो नको." बसमध्ये त्यांनी माझा हात धरून ठेवला होता. ते इतके एकटे आहेत हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं, आणि कळूनही मी दादरला उतरून माझ्या घरी गेले.

परळच्या इस्पितळात ते गेले. मुलगा आला तोवर सगळं आटोपलं होतं. चार दिवसांनी तो गाळ्यातलं सामान आवरायला आला आणि आईनं मला बोलावून घेतलं. येताना वाटेत मी ठरवलं होतं, आज सांगायचं. इतकी वर्षं ते वाक्य मी मनात घोळवलं होतं: ती ओळ माझी होती, त्यांनी तुम्हाला फसवलं नाही.

त्याचे केस आता कानांपाशी पिकले होते. सामान म्हणजे एक ट्रंक. तो धाग्यांसमोर उभा होता. मी त्याला एकेक सांगत गेले. तपकिरी, राखाडी, काळा. पांढऱ्यापाशी थांबले.

"हा कुठल्या पाखराचा?"

"हे त्यांचं घरी येणं. वर्षाची एक गाठ."

त्यानं बोट फिरवायला सुरुवात केली. सावकाश. मग एका जागी बोट थांबलं. "इथं दोन लालांच्या मध्ये काहीच नाही."

"संपाचं वर्ष," मी म्हटलं आणि पुढचं बोलायला तोंड उघडलं.

त्यानं पाकीट काढलं. प्लास्टिकच्या पिशवीत घडी झिजलेलं निळं पत्र. "बाकीची सगळी फाडली, ताई. नुसती पाखरं असायची. राग यायचा. हे एवढं ठेवलं. आले नाहीत, पण यायचं मनात तरी आलं होतं त्यांच्या. जन्मात माझ्याशी एवढंच बोलले." त्यानं माझ्याकडे पाहिलं. "तुम्हीच लिहायचात ना? हे खरंच त्यांनी सांगितलं होतं?"

काकांनी त्या दिवशी माझ्याकडे एकदाच पाहिलं होतं, तसं मी त्या पत्राकडे पाहिलं. आता खरं सांगून माझं ओझं उतरलं असतं. आणि याच्याकडे काही राहिलं नसतं.

"हो," मी म्हटलं. "त्यांनीच सांगितलं लिहायला."

"कसे होते तेव्हा? म्हणजे, चेहरा?"

चिमणीचं पिल्लू पहिल्यांदा खिडकीतून उडालं की काका गाठ अर्धवट हातात धरून बाहेर बघत राहायचे, तोंड थोडं उघडं टाकून. तो चेहरा मी त्याला सांगितला. तो मी खरोखर पाहिलेला होता. मग मी म्हटलं, "वरचंही वाचा की."

"वर चिमण्याच आहेत."

"तरी वाचा."

त्यानं खिडकीच्या उजेडात पत्र धरलं. चिमणीची तिसरी वीण आहे. नर चोचीत काही असल्याशिवाय घरट्यावर जात नाही, तारेवर बसून राहतो. तो मोठ्यानं वाचत होता, मध्येच त्याचा आवाज बंद झाला. पुढचं त्यानं मनात वाचलं. मग पुन्हा वरपासून वाचलं. खाली रस्त्यावर कुणीतरी हातगाडीवाल्याशी भांडत होतं, ते संपेपर्यंत आम्ही दोघं तसेच उभे होतो.

त्यानं पांढरा धागा खिळ्यावरून काढला. दोन लाल तुकड्यांच्या मधल्या मोकळ्या जागेवर अंगठा ठेवून विचारलं, "ताई, ही गाठ कशी मारतात?"

मला येत नव्हती. काकांनी एकदा शिकवायला घेतली होती, मीच कंटाळा केला होता. शेवटी त्यानं आपली साधीच गाठ मारली, जाडजूड, दोनदा आवळून. ती लांबूनसुद्धा दिसत होती.